पाळी गेल्यानंतरचा डाग

तुमसरहून उत्तरेकडे निघालं की धानाच्या बांध्या हळूहळू मागे पडतात, सातपुड्याच्या टेकड्या जवळ येतात आणि मँगनीजचा मुलूख सुरू होतो. भंडारा जिल्ह्यातलं चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, हद्दीपलीकडे बालाघाट जिल्ह्यातलं तिरोडी, ही नावं पोलादाच्या धंद्यातल्या माणसाला तोंडपाठ असतात. इंग्रजांच्या काळापासून इथून मँगनीज निघतं आहे. १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची मॉईल, स्थापन झाली. तिचं मुख्यालय नागपूरला आणि चिखल्याची खाण जमिनीखाली. जानेवारी २०२५ मध्ये या खाणीत छताचा भाग कोसळून दोन कामगार दगावले. त्याच दिवशी ती बातमी नागपूर-मुंबईपर्यंत पोचली, अधिकारी धावले, चौकशीची घोषणा झाली.

याच पट्ट्यातल्या एखाद्या पंचावन्न-साठीच्या बाईची पाळी जाऊन पाच-सात वर्षं झालेली असतात आणि एका सकाळी लुगड्याला लाल डाग दिसतो, त्याची मात्र कुठेच खबर जात नाही. ती म्हणते, उष्णता झाली असेल. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम केलं, त्याने झालं असेल. डाग दोन दिवसांनी थांबतो. महिन्याने पुन्हा दिसतो. सुनेला सांगायची लाज, मुलाला सांगायचा तर प्रश्नच नाही आणि नवऱ्याला सांगून तो काय करणार? असं करत सहा महिने, कधी वर्ष निघून जातं.

गर्भाशयाच्या कर्करोगाची कहाणी बहुतेक वेळा या वाया गेलेल्या महिन्यांत घडते. दवाखान्यात पोचल्यावर जे होतं त्याचं शास्त्र चांगलं तयार आहे. डाग दिसल्यापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंतचं अंतर हीच अडचण आहे, आणि ते अंतर कापायला यंत्र लागत नाही. माहिती लागते, आणि सोबत येणारं माणूस लागतं. हा लेख त्या दोन गोष्टींबद्दल आहे.

आशाताईच्या कागदावरचा प्रश्न

तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसासाठी आशा कार्यकर्तीने भरायचा एक फॉर्म आहे. सरकारी भाषेत त्याला 'सीबॅक' म्हणतात. मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोग यांचा धोका गावपातळीवर हेरण्यासाठी तो तयार केला आहे. पहिल्या भागात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि घरातले आजार यांना गुण द्यायचे असतात. दुसऱ्या भागात लक्षणं विचारायची असतात. त्यात बायकांसाठी वेगळे प्रश्न आहेत: स्तनात गाठ आहे का, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जातं का, संबंधानंतर रक्त जातं का, घाण वासाचा स्राव होतो का, आणि पाळी कायमची थांबल्यावर रक्त गेलं का. यातल्या एकाही प्रश्नाला 'हो' असं उत्तर आलं तर त्या बाईला लगेच डॉक्टरकडे पाठवायचं, अशी सूचना त्याच फॉर्मवर आहे.

शेवटच्या प्रश्नाचं मोल समजून घ्यायला हवं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी सरकारी तपासणी आहे. ३० ते ६५ वयाच्या बायकांना दर पाच वर्षांनी बोलावून, गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून ते पांढरं पडतं का हे नर्स पाहते. स्तनाची तपासणी आहे, तोंडाची आहे. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगासाठी मात्र निरोगी बायकांना सरसकट बोलावून करायची अशी कुठलीच तपासणी नाही. भारतात नाही, इंग्लंड-अमेरिकेतही नाही. पॅप तपासणी त्यासाठी भरवशाची नाही. निरोगी बाईची आतून सोनोग्राफी करत बसल्याने मृत्यू कमी होतात असं कुठेही सिद्ध झालेलं नाही.

असं असूनही हा आजार बहुधा लवकर सापडू शकतो, कारण तो स्वतःच ओरडून सांगतो. जगभरातले अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या ज्या बायकांना हा कर्करोग झाला होता, त्यांतल्या शंभरापैकी सुमारे नव्वद जणींना आधी रक्तस्राव झालेला होता. उलट बाजूने पाहिलं तर पाळी गेल्यावर रक्त गेलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे नऊ जणींनाच कर्करोग निघाला. बाकीच्या नव्वदीत कुणाला अस्तर सुकल्याने, कुणाला मस्स्याने, कुणाला औषधाने रक्त गेलेलं होतं.

हे दोन्ही आकडे बाईच्या कानावर एकत्र पडले पाहिजेत. पहिला ऐकला की ती दवाखान्यात जाईल. दुसरा ऐकला की घाबरून घरी बसणार नाही. फक्त पहिलाच सांगितला तर भीती पसरते, आणि भीतीचं काय होतं ते पुढे बीडच्या संदर्भात येईलच.

आशाताईचा फॉर्म घाईत भरला जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. तिच्यावर लसीकरणाचं, बाळंतपणांचं, सर्वेक्षणांचं ओझं आहे. अंगणात सासरा बसलेला असताना 'संबंधानंतर रक्त जातं का' हे विचारणं तिलाही जड जातं. मग 'नाही'वर खूण होते आणि फॉर्म पूर्ण होतो. ज्या आजाराला दुसरी चाळणीच नाही, त्या आजारात ही एक खूण म्हणजे अख्खी तपासणी चुकल्यासारखं आहे. म्हणून हा प्रश्न घराच्या आतल्या खोलीत, बाईला एकटीला आणि तिच्या भाषेत विचारला गेला पाहिजे. 'रजोनिवृत्तीपश्चात रक्तस्राव' म्हणून कुणाला काही कळत नाही. 'पाळी गेल्यावर पुन्हा कधी लाल गेलं का?' एवढं पुरे.

एक पिशवी, दोन आजार

'पिशवीचा कॅन्सर' म्हणताना गावात दोन वेगळे आजार एकाच नावाने ओळखले जातात. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग मुख्यतः एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. त्याला लस आहे, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वदेशी लसही आणली आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी याचे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण आणि जवळपास ऐंशी हजार मृत्यू होते. पिशवीच्या आतल्या अस्तरातून उगवणाऱ्या कर्करोगाचा त्या विषाणूशी संबंध नाही, आणि त्या लसीने तो टळत नाही. जगात २०२२ मध्ये याचे सुमारे ४ लाख २० हजार नवे रुग्ण नोंदले गेले. भारतात तो गर्भाशयमुखाच्या कर्करोगापेक्षा बराच कमी आढळतो, पण मुंबईसारख्या शहरांच्या नोंदींत त्याचं प्रमाण वाढताना दिसतं.

वाढण्याचं कारण शरीराच्या रसायनात आहे. पिशवीचं अस्तर इस्ट्रोजेनमुळे वाढतं आणि प्रोजेस्टेरॉनमुळे आवरतं. पाळी चालू असताना दर महिन्याला हा हिशेब पुरा होतो. पाळी गेल्यावर अंडकोश थंडावतात, पण अंगातली चरबी थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवतच राहते आणि त्याला आवरणारं प्रोजेस्टेरॉन उरत नाही. बांधीत पाणी येतच राहिलं आणि मोरी बुजलेली असली की जे होतं, तसंच अस्तराचं होतं. म्हणून वाढलेलं वजन आणि मधुमेह ही मोठी कारणं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बायकांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त निघालं. आशाताई कमरेला फीत लावते तिचा संबंध इथेही आहे. पाळी अनियमित ठेवणारा पीसीओएस, मूल न झालेलं असणं, पाळी उशिरा जाणं, आणि स्तनाच्या कर्करोगावर वर्षानुवर्षं घेतलेली टॅमॉक्सिफेनची गोळी यांनीही धोका वाढतो. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईने गोळी मनाने बंद करू नये, तिचा फायदा मोठा आहे. मात्र डाग दिसला की त्याच आठवड्यात डॉक्टरला सांगावं.

इस्ट्रोजेनचा हा धडा अमेरिकेने महागात शिकला. पाळी गेल्यावरचा त्रास कमी व्हावा म्हणून तिथे नुसतं इस्ट्रोजेन सर्रास दिलं जाई. १९७५ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लागोपाठ दोन शोधनिबंध आले. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाचा कर्करोग कितीतरी पट जास्त होता. तेव्हापासून पिशवी शाबूत असलेल्या बाईला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन देणं हा नियम झाला.

आणखी एक कारण रक्तातून येतं. १८९५ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातले डॉक्टर ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना पॉलीन ग्रॉस नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं, की आपल्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर पिशवीच्या कर्करोगाने जातात, आपणही तसेच जाऊ. वॉर्थिननी ते हसण्यावारी नेलं नाही. तिच्या मदतीने घराण्याची वंशावळ मांडली आणि १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. पॉलीन पुढे गर्भाशयाच्या कर्करोगानेच वारली. त्याच घराण्याचा अभ्यास नंतर हेन्री लिंच यांनी पुढे नेला, आणि या आनुवंशिक दोषाला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. त्यात आतड्याचा आणि गर्भाशयाचा कर्करोग तरुण वयातच येऊ शकतो. घरात आई, मावशी, आत्या, मामा यांना असा कर्करोग झाला असेल तर ते डॉक्टरने विचारलं नाही तरी सांगायला हवं. 'घरात कुणाला होता का?' या प्रश्नाला आपल्याकडे लाजेने 'नाही' म्हणण्याची रीत आहे. एका शिवणकाम करणाऱ्या बाईने 'हो' म्हटलं म्हणून वैद्यकशास्त्राचं एक दालन उघडलं.

भीतीचा बाजार

माहितीचा दुष्काळ दोन्ही बाजूंनी मारतो. चिखल्यासारख्या गावात जिला खरंच गरज आहे ती दवाखान्यात पोचत नाही. मराठवाड्यात त्याच अज्ञानावर गरज नसलेल्या बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे सुमारे १७ टक्के. देशपातळीवर १५ ते ४९ वयात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. बीडमधल्या या बायकांपैकी अनेकजणी चाळिशीच्या आतल्या होत्या. त्यांची साधी तक्रार असायची: अंगावरून पांढरं जातं, पाळीत पोट दुखतं. उत्तर तयार असायचं: पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. पाळीच्या दिवसांत तोडणीचा खाडा पडला तर मुकादम पैसे कापणार, हे दुसरं ओझं डोक्यावर होतंच. नंतर जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत, असा आदेश दिला.

अंगावरून पांढरं जाणं म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक वेळा तो जंतुसंसर्ग असतो आणि गोळ्यांनी बरा होतो. तिशी-पस्तिशीत पिशवीसोबत अंडकोशही काढले, तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. कर्करोगाच्या शंकेने पिशवी काढायची असेल तर आधी पुरावा हवा. तो पुरावा म्हणजे अस्तराचा तुकडा.

हा नियम उलट्या बाजूनेही लागू पडतो. कर्करोग आहे हे माहीत नसताना घाईने पिशवी काढली आणि नंतर अहवालात कर्करोग निघाला, तर अंडकोश आणि लसीकाग्रंथी पाहायच्या राहून जातात, पुन्हा ऑपरेशनची वेळ येते. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना पिशवीचे आत तुकडे करून काढले आणि त्यात कर्करोग दडलेला असला, तर तो पोटात पसरू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. म्हणून कुठल्याही कारणाने पिशवी काढली तरी ती तपासणीला पाठवली का, हे विचारावं आणि अहवालाचा कागद हातात घ्यावा. तो कागद न वाचताच ट्रंकेत ठेवलेली घरं थोडी नाहीत.

चिखला ते नागपूर

समजा, बाईने डाग दिसल्याचं सांगितलं. पुढे काय?

पहिली पायरी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, दुसरी तुमसरचं उपजिल्हा रुग्णालय. तिथे डॉक्टर आतून तपासतात, रक्त नेमकं कुठून येतं ते पाहतात. नंतर आतून सोनोग्राफी. पाळी गेलेल्या बाईच्या अस्तराची जाडी ४ मिलिमीटर किंवा कमी असली तर कर्करोगाची शक्यता फार कमी. जास्त असली, किंवा जाडी कमी असूनही रक्त पुन्हा पुन्हा जात असलं, तर अस्तराचा तुकडा घ्यायचा. बारीक नळीने तो बाह्यरुग्ण विभागातही घेता येतो, नाहीतर क्युरेटिंग करून किंवा दुर्बिणीने पाहून घेतात. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' ही समजूत खोटी आहे. या समजुतीपायी तुकडा टाळणारी बाई निदान टाळत असते, आणि रोग मात्र आपल्या गतीने वाढतच असतो.

तुकड्यात कर्करोग निघाला तर एमआरआयसारख्या तपासण्या होऊन शस्त्रक्रिया ठरते. पिशवी, दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडकोश काढतात, गरजेनुसार लसीकाग्रंथी तपासतात. रोग अस्तरात किंवा स्नायूच्या वरच्या थरातच असेल आणि त्याची जात सौम्य असेल, तर बहुतेकींना एवढ्यावरच मोकळीक मिळते. खोल गेला असेल तर योनिमार्गातून आतल्या आत किंवा बाहेरून किरणोपचार, आणि पसरला असेल तर केमोथेरपी. अमेरिकेच्या नोंदींनुसार, पिशवीबाहेर न गेलेल्या अवस्थेत सापडलेल्या सुमारे ९५ टक्के बायका पाच वर्षांनंतर जिवंत असतात. दूरवर पसरल्यावर हे प्रमाण पाचात एकीवर येतं. सहा महिने 'उष्णता झाली' म्हणून थांबण्याची किंमत या दोन आकड्यांच्या मधे आहे.

या इलाजासाठी चिखल्याची बाई नागपूरला जाणार हे जवळपास ठरलेलं. जवळच्या गोबरवाहीहून तुमसर रोड आणि तिथून मुख्य मार्गाची गाडी, पुढचा प्रवास ऐंशीएक किलोमीटरचा. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याला सगळा विदर्भ 'मेडिकल' म्हणतो. मानेवाडा मार्गावर राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि मिहानमध्ये एम्स. वर्ध्याकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. २०१८ मध्ये जिल्हा रुग्णालयांत मोफत केमोथेरपी सुरू करण्याची घोषणा राज्य सरकारने केली, तेव्हा पहिल्या दहा जिल्ह्यांत भंडाऱ्याचं नाव होतं. केमोची प्रत्येक फेरी नागपुरातच व्हायला हवी असं नाही, हे डॉक्टरला विचारून ठेवावं.

पैशाचा प्रश्न बाईच्या मनात आजाराच्याही आधी येतो, म्हणून त्याची उत्तरं गावात माहीत हवीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये तिचं नाव बदललं. जून २०२३ मध्ये ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू करण्याचा आणि वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय झाला. कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमो तिच्यात आहेत. योजनेच्या रुग्णालयात दारातच 'आरोग्यमित्र' बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याच्याकडे जावं, पैसे भरल्यावर नव्हे.

या पट्ट्याची आणखी एक हक्काची वाट आहे आणि ती फारच कमी लोकांना ठाऊक असते. मॉईलच्या कायम कामगाराच्या कुटुंबाला कंपनीची वैद्यकीय सोय आहे. त्याशिवाय केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या कल्याण योजनेत विडी कामगार आणि मँगनीजसारख्या कोळसा सोडून इतर खाणींतले कामगार व त्यांच्यावर अवलंबून असलेले यांच्यासाठी कर्करोगाच्या इलाजाचा खर्च परत मिळण्याची तरतूद आहे, कमाल साडेसात लाख रुपयांपर्यंत. भंडारा-गोंदियात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका आहेत. त्यांचं विडी कामगाराचं ओळखपत्र म्हणजे मुलांच्या शिष्यवृत्तीपुरता कागद, अशीच समजूत असते. आजारपणात तेच कार्ड घेऊन श्रम कल्याण खात्याच्या दवाखान्यात विचारायचं असतं.

प्रवासाचंही तसंच. कर्करोगाच्या रुग्णाला इलाजासाठी जाताना रेल्वेच्या शयनयान वर्गात पूर्ण सवलत आणि दुसऱ्या वर्गात ७५ टक्के सवलत मिळते, सोबतच्या माणसालाही मोठी सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. एसटीत मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहेच.

ऑपरेशननंतरची बाई

टाके निघाले, किरणं संपली, शेजारणी भेटून गेल्या. घरच्यांच्या लेखी आजार संपला. बाईचं दुसरं पर्व तेव्हा सुरू होतं, आणि त्याबद्दल तिला कुणी फारसं सांगितलेलं नसतं.

पाळी चालू असताना अंडकोश काढलेल्या बाईला एका दिवसात पाळी गेल्याची सगळी लक्षणं येतात: अंगातून वाफा, रात्री घाम, झोप उडणं, चिडचिड. लसीकाग्रंथी काढल्या असतील तर पायाला सूज येऊ शकते. तेव्हा पायाला जखम होऊ न देणं, अनवाणी शेतात न उतरणं आणि सांगितलेले व्यायाम करणं महत्त्वाचं. किरणांनंतर योनिमार्ग कोरडा पडतो, आकसतो. त्यासाठी जेल आणि डायलेटर असतात, ते कसे वापरायचे हे नर्सने दाखवायचं असतं. त्याने शरीरसंबंध सोपे होतात आणि पुढच्या तपासण्याही. बाई हे विचारत नाही आणि डॉक्टर न विचारता सांगत नाही, म्हणून बहुतेकजणींना ते कळतच नाही. संबंधाने रोग परत येत नाही आणि नवऱ्याला लागत नाही. हे नवऱ्यालाच समोर बसवून सांगितलं तर घरातली अर्धी कोंडी सुटते.

पिशवी गेली म्हणजे बाईपण गेलं, असं म्हणणारी तोंडं गावात असतात. काही घरांत तिची ताटवाटी वेगळी होते. कर्करोग संसर्गाने पसरत नाही, हे आपल्याला अजून मोठ्याने सांगावं लागतं. या काळात सर्वात जास्त उपयोग होतो तो याच वाटेवरून आधी गेलेल्या बाईचा. मुंबईत वंदना गुप्ता यांनी स्वतः कर्करोगातून बरं झाल्यावर १९९४ मध्ये 'व्ही केअर' सुरू केलं. त्यात बरे झालेले रुग्ण नव्या रुग्णांशी बोलतात. ब्रिटनमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगातून गेलेल्या बायकांनी आपला वेगळा आधारगट उभारला. स्तनाच्या कर्करोगाचा गुलाबी रंग जगभर दिसतो, आपल्या आजाराचं नावही कुणी घेत नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यांनी पीच फळाचा रंग आपला मानला. चिखल्याला वेगळी संस्था काढायची गरज नाही. इथे बचत गट आहेत, महिन्याची बैठक ठरलेली असते. इलाज झालेली एखादी बाई तयार असेल तर त्या बैठकीत तिने दहा मिनिटं बोललेलं शंभर पोस्टरांपेक्षा जास्त पोचतं. तिची इच्छा नसेल तर तिचं नाव चारचौघांत घेऊ नये, हेही तितकंच महत्त्वाचं.

आजार परतला तर तो बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. म्हणून त्या काळात दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा ते बारा महिन्यांनी तपासणी असते. पुन्हा डाग दिसला, ओटीपोटात दुखू लागलं, पाय सुजला, कारण नसताना वजन उतरलं, तर तारखेची वाट पाहू नये. ज्यांचा रोग बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे त्यांनाही वेदना सोसत राहण्याचं कारण नाही. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन स्वस्त आहे आणि योग्य देखरेखीखाली सुरक्षित आहे. अशा रुग्णांची शुश्रूषा करणारं 'स्नेहांचल' नागपुरातच आहे.

बार्शीने दाखवलेली वाट

नुसत्या माहितीने काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी महाराष्ट्रातलंच उत्तर आहे. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने यांनी ती उभी केली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात होती. दवाखान्यात येणाऱ्यांची नोंद ठेवायची ही शहरातली पद्धत इथे चालली नसती, कारण दवाखान्यात येतच कोण होतं? म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, बैठका घेतल्या, कर्करोगाची लक्षणं साध्या मराठीत सांगितली आणि लक्षण असलेल्या माणसाला बार्शीला आणलं.

काही वर्षांत आकडे बोलू लागले. गर्भाशयमुखाचा कर्करोग घेऊन येणाऱ्या बायकांत लवकरच्या अवस्थेतल्या बायकांचं प्रमाण वाढलं. तेव्हा तिथे ना लस होती ना नवं यंत्र. बायकांना कळलं की हे लक्षण आहे आणि अमुक ठिकाणी जायचं आहे, एवढंच झालं होतं. याच पायावर पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास उभा राहिला. एचपीव्हीची एकच तपासणी केल्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये जगासमोर आलं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला माहितीबरोबर तपासणीचीही जोड मिळाली. अस्तराच्या कर्करोगाला ती मिळणार नाही, निदान नजीकच्या काळात तरी नाही. इथे माहिती हीच तपासणी आहे. आशाताईने खोलीत बसून विचारलेला प्रश्न आणि बाईने खरं दिलेलं उत्तर, यापलीकडे गावपातळीवर दुसरं साधन नाही. म्हणून त्या प्रश्नाला वेळ, खाजगीपणा आणि मोबदला मिळाला पाहिजे, आणि 'हो'ची खूण झालेली बाई तुमसरला पोचली की नाही याचा पाठपुरावा झाला पाहिजे. हे काम आरोग्य खात्याचं आहे आणि त्याचा हिशेब ग्रामसभेने मागायला हरकत नाही.

उरलेलं काम आपलं. भंडारा-गोंदियात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दंडार होते, खडी गंमत होते, लेकी-सुना माहेरी येतात, मावश्या-आत्या एका घरात जमतात. या वर्षी हा अंक वाचणाऱ्या प्रत्येक लेकीने आणि सुनेने आपल्या घरातल्या पाळी गेलेल्या बाईला एकटीला गाठून विचारावं: 'पाळी गेल्यावर पुन्हा कधी लाल गेलं का?' एक थेंब गेला असेल तरी ते 'हो'च धरा. उत्तर 'हो' असेल तर घाबरू नका, शंभरात नव्वद वेळा कारण साधंच निघतं. पण पंधरा दिवसांच्या आत तिला डॉक्टरकडे न्या, सोबत स्वतः जा, आणि तपासणीचा कागद हातात घेतल्याशिवाय परत येऊ नका.